दंड

संकल्प दोन प्रकारचे असतात. एक जानेवारीला करतात तो इंग्रजी आणि पाडव्याला करतात तो मराठी. इंग्रजी संकल्प मोडायला चार-पाच दिवस तरी लागतात. मराठी संकल्पाचं तसं नाही. पाडव्याला दुपारी पुरणपोळी पोटात गेली की माणूस आडवा होतो, आणि तिन्हीसांजेला गुढी उतरवायला उठतो तेव्हा सकाळी आपण नेमकं काय ठरवलं होतं, हे त्याला सकाळच्या कडुलिंबाइतकंच पुसट आठवत असतं. म्हणून गेल्या वर्षी मी संकल्प वहीत लिहून काढले. वही म्हणजे आमच्या ह्यांची जिल्हा परिषदेतली एक कोरी राहिलेली डायरी. सरकारी डायरीत लिहिलेलं सहसा हरवत नाही आणि सहसा घडतही नाही, एवढं मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आधी माझी ओळख करून देते. मी चव्वेचाळीस वर्षांची विद्यार्थिनी आहे. माहेर लातूर, सासर नांदेड. मुलगी इंजिनिअरिंगला पुण्याला गेली, घर रिकामं झालं, आणि रिकाम्या घरात बायका जे जे करतात ते सगळं (भिशी, भजनी मंडळ, वजन कमी करणं) करून झाल्यावर मी नाट्यशास्त्राला नाव घातलं. त्यातही वेशभूषा. वर्गातली पोरं मला 'काकू' म्हणतात. सर माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहेत, त्यामुळे ते मला 'मॅडम' म्हणतात, मी त्यांना 'सर' म्हणते, आणि दोघांनाही क्षणभर अवघडल्यासारखं होतं.

सासूबाईंना ही बातमी मी भीत भीतच दिली होती.

"या वयात नाटकात काम करायलीस?" त्यांनी विचारलं.

"काम नाही हो आई. कपडे."

"मंग ठीकाय," त्या म्हणाल्या. "कपडे तर घरातबी पडलेत, धुवायचे."

तर ती डायरी. गेल्या पाडव्याला मी तिच्यात शिवणाचे एकूण अकरा संकल्प लिहिले होते. कपाटातलं कापड संपेपर्यंत नवं कापड घ्यायचं नाही. मशीनला दर रविवारी तेल घालायचं. पुरुषांच्या पँटची चेन एकदा तरी सरळ लावायची. ह्यांच्या जुन्या शर्टांच्या कॉलरी उसवून उलटवायच्या. एक नेहरू शर्ट, एक अंगरखा, एक बाराबंदी, दोन चोळ्या, आणि झालंच तर एक शिवलेली नऊवारी. यंदाच्या पाडव्याला हिशेब केला तर अकरापैकी पावणेदोन झाले होते. एक पूर्ण म्हणजे मशीनचं तेल. तेही रविवारी नाही, खंडेनवमीला मशीनची पूजा करताना लाज वाटून घातलं. पाऊण म्हणजे नेहरू शर्ट. त्याला एक बाही आहे. नवं कापड न घेण्याचा संकल्प तर मी वजिराबादेतून डायरीला घालायला कव्हराचं कापड आणलं त्याच दिवशी मोडला.

आता यात तत्त्वज्ञानाचा प्रश्न असा की, स्वतःला दिलेलं वचन मोडलं तर ते पाप आहे का? दुसऱ्याला दिलेला शब्द मोडला तर तो दुसरा माणूस दारात येऊन उभा राहतो. ब्लाउज दिलेल्या तारखेला दिला नाही तर गिऱ्हाईक काय बोलतं ते कुठल्याही शिंप्याला विचारा. पण इथे देणेकरीही मी आणि घेणेकरीही मीच. घेणेकरी उदार असेल तर देणेकऱ्याला भीती कसली? मी दरवर्षी स्वतःला मोठ्या मनानं माफ करत आले आहे. आमचे हे म्हणाले, "ही कर्जमाफीच झाली की! एकदा दिली की पुढच्या वर्षी कुणी हप्ता भरत नाही." हे जिल्हा परिषदेत लेखा विभागात आहेत. त्यांच्या नीतिशास्त्रात पाप आणि पुण्य नसतं, जमा आणि नावे असतं.

संकल्पांचं खूळ माझ्या डोक्यात कुठून आलं तेही सांगायला हवं. पहिल्याच आठवड्यात सरांनी आम्हाला भानू अथैया यांची गोष्ट सांगितली. कोल्हापूरची मुलगी, माहेरचं नाव भानुमती राजोपाध्ये, जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकलेली, आणि १९८३ साली 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर मिळवणारी. ऑस्कर घेणारी ती पहिली भारतीय. पुढे २०१२ मध्ये तिनं तो पुतळा नीट जपला जावा म्हणून अकादमीकडे परतही पाठवला. (आमच्याकडे शेजारणीकडून आलेला डबासुद्धा कुणी परत पाठवत नाही.) मी भारावून घरी आले आणि ह्यांना सगळं सांगितलं. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "गांधींना पंचाच नेसवायचा होता ना? त्याला ऑस्कर?"

मी चिडले. पण रात्री भांडी घासताना लक्षात आलं, प्रश्न बावळट नाही. सबंध चित्रपटाचा नायक अर्धाअधिक वेळ उघडाच. पण तो आधी बॅरिस्टरच्या सुटात दिसतो, मग एकेक कपडा कमी होत जातो, आणि शेवटी पंचा उरतो. खऱ्या गांधींनी हा निर्णय मदुराईला घेतला, सप्टेंबर १९२१ मध्ये. देशातल्या गरिबाला अंगभर कपडा नाही, तर मीही घालणार नाही, म्हणून. आणि त्याच काळात दुसरीकडे बाबासाहेब आंबेडकर सूट घालत होते, तोही तितक्याच विचारानं. ज्यांना शतकानुशतकं फाटकंच घालायला लावलं त्यांनी आता चांगलं घालावं म्हणून. म्हणजे एकानं कपडा उतरवून एक गोष्ट सांगितली, दुसऱ्यानं चढवून दुसरी. दोघांचेही कपडे कुणीतरी शिवले किंवा विणले असतील. कपडा हा खोटं बोलायला सोयीचा, असं आपण समजतो. सोंग, वेषांतर, बहुरूपी हे शब्द आपण फसवणुकीच्याच अर्थानं वापरतो. पण खरं बोलायलाही त्याचा उपयोग होतो, हे मला भांडी घासताना कळलं. हे मी ह्यांना सांगायला गेले तेव्हा ते घोरत होते.

आमच्या नांदेडला तर कपड्याच्या बाबतीत खऱ्याखोट्याचा गोंधळ अधिकच होतो. एकेकाळी इथली मलमल नावाजलेली होती. इथे खादी ग्रामोद्योग समितीत तिरंगा तयार होतो, त्याचं कापड उदगीरकडून येतं. त्या झेंड्याची लांबी आणि रुंदी तीनास दोन म्हणजे तीनास दोनच, चक्राचे आरे चोवीस म्हणजे चोवीसच. तिथे "जरा सैल शिवलंय, पुढच्या वेळी बघू" चालत नाही. तिकडे गुरुद्वाऱ्याकडे गेलं तर निळ्या चोळ्यातले, उंच फेट्यावर पोलादी चक्रं मिरवणारे निहंग दिसतात. आमच्या वर्गातल्या एका पोरानं त्यातल्या एकांना उत्साहानं विचारलं, "बाबाजी, ये कॉस्च्युम कहाँ से सिलाया?" त्या गृहस्थांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की पोरगं पुढे आठ दिवस निळा शर्ट घालत नव्हतं. कॉस्च्युम म्हणजे जो उतरवून ठेवता येतो तो. त्यांचा तो वेष होता. हा फरक परीक्षेत आला तर मला नीट लिहिता येईल; एरवी अजून गोंधळ होतो.

आणि शेजारी हिंगोली जिल्ह्यात नर्सी. नामदेवांचं गाव. नामदेव शिंपी. त्यांची पदं शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत, एकसष्ट. त्यांत गज येतो, कात्री येते, सुई येते, दोरा येतो. म्हणजे आमच्या गुरुद्वाऱ्यात आमच्याच भागातल्या एका शिंप्याची हत्यारं रोज पूजेत आहेत. इतवाऱ्यात ज्यांच्याकडे मी कापायला शिकायला जाते त्या चाचांना हे मी सांगितलं तर ते म्हणाले, "फिर तुम कैंची जमीन पे कायकू रखते बाई?"

शिवलेल्या नऊवारीचं प्रकरण इथेच उरकून टाकते. ही एक मोठी सोयीची वस्तू आहे. पायजम्यासारखी चढवायची, नेफ्यात इलॅस्टिक, निऱ्या कायमच्या पक्क्या, कासोटा टिपेनं बसवलेला. दोन प्रवेशांच्या मध्ये दीड मिनिटात नटीला नेसवता येते. सासूबाईंनी ती माझ्या वहीत चित्रात पाहिली आणि म्हणाल्या, "लुगडं शिवत्यात व्हय? लुगडं नेसत्यात." मी म्हटलं, "आई, प्रेक्षकांना कळत नाही." त्या म्हणाल्या, "नेसलेलीला कळतं की." पुढे बालगंधर्व आठवले. त्यांना रंगभूमीवर शालू खरा लागायचा, अत्तर खरं लागायचं. शेवटच्या रांगेला अत्तराचा वास येत नाही हे त्यांनाही ठाऊक असणारच. त्या खरेपणापायी कंपनी कर्जात गेली हा भाग सासूबाईंना मी सांगितला नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. इतका वेळ मी टाळत होते, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलंच असेल.

मागच्या हिवाळ्यात आमच्या वर्गानं एका स्पर्धेत एकांकिका केली. विषय १९७२ चा दुष्काळ. मुख्य भूमिका खडी फोडणाऱ्या बाईची. ती करणारी पोरगी वीस वर्षांची, दातांना तारा बसवलेली. त्यामुळे दुष्काळात तिनं हसायचं नाही एवढी सूचना तिला पुरेशी होती. वेशभूषा माझ्याकडे. सर म्हणाले, "मॅडम, लुगडं खरं वाटलं पाहिजे."

मी नवं कोरं इरकली लुगडं आणलं. चहाच्या पाण्यात उकळलं. सोड्यात भिजवलं. तीन दिवस गच्चीवर बसून विटेच्या तुकड्यानं घासलं. समोरच्या वहिनींनी काळजीनं विचारलं, "साबण संपला का हो?" मग मी कात्रीनं सात ठिकाणी भोकं पाडली आणि प्रत्येकाला एक सुबक ठिगळ लावलं. हिरव्यावर लाल, लालवर पिवळं, कडेनं मशीनची दुहेरी टीप. मला स्वतःला ते फार आवडलं. चाचांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, एक भोक बोटानं रुंद केलं आणि म्हणाले, "ये फटा नै बाई. ये तो काटा हुआ है."

सासूबाई जास्त स्पष्ट बोलल्या. "हे ठिगळ हाय का बटवा?"

मग त्यांनी मला समोर बसवलं आणि सांगितलं. बहात्तरला त्या नव्या नवरी होत्या. सासरे शाळामास्तर, म्हणून घरातलं कुणी खडीवर गेलं नाही. पण सुकडी वाटायची रांग शाळेच्या पटांगणात लागायची आणि त्या खिडकीतून बघायच्या. लुगडं म्हणे कुठेही फाटत नाही. आधी बसायच्या जागी विरतं, मग गुडघ्यावर, मग जिथे ओझं घेतात त्या खांद्यावर. पदर आणि काठ धड राहतात. मग बाई मधला विरलेला भाग कापून टाकते आणि धड राहिलेली दोन टोकं जोडते. दोन लुगडी विरली असली तर दोन्हीतले धड तुकडे घेऊन एक करते. अर्धं हिरवं, अर्धं तांबडं. त्या जोडाला म्हणायचं दंड. दंड हातानं घालायचा, आणि असा सपाट घालायचा की कमरेला टोचला नाही पाहिजे, आणि नेसताना ओच्यात असा दडवायचा की पाणवठ्यावर दुसरीला दिसला नाही पाहिजे.

मी माझं इरकली लुगडं घडी करून ठेवून दिलं आणि भांडेवालीची वाट बघत बसले.

भांडेवाली म्हणजे बोहारीण. जुने कपडे घेऊन स्टीलचं भांडं देणारी. आमच्या गल्लीत ती दहा-पंधरा दिवसांनी येते, आणि एका पातेल्यासाठी ह्यांच्या तीन पँटी, दोन शर्ट आणि वर "ती पोरीची फ्रॉक बी टाका" असं तिचं चालतं. मी तिला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हटलं, "बाई, तुमच्या गाठोड्यातलं एक फाटकं लुगडं मला द्या. मी तुम्हाला हा नवा डबा देते."

तिनं पाणी प्यायचं थांबवलं. "जुनं घेऊन भांडं देतेत बाई. तुम्ही भांडं देऊन जुनं मागायलेत?" आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिचा धंदा उलटा करू बघत होतं. यात काहीतरी फसवणूक आहे, हे तिला दिसत होतं, फक्त कुणाची ते कळत नव्हतं. अखेर डब्याला झाकण आहे हे बघून तिनं गाठोडं सोडलं.

तळाशी ते लुगडं होतं. अर्धं मुळात जांभळं असावं, आता विटकरी, अर्धं हिरवं. मध्ये दंड. मी बोट फिरवलं तर जोड हाताला लागेना. आणि गुडघ्याच्या जागी एक ठिगळ, तळहाताएवढं. बारीक चौकडी असलेल्या कापडाला चौकडीचंच ठिगळ, आणि ते असं बसवलेलं की वरची रेघ खालच्या रेघेला मिळालेली. दोरा वेगळा नव्हता. त्याच लुगड्याच्या काठातून सूत ओढून काढून त्यानं शिवलेलं होतं, रंग मिळावा म्हणून. उलट करून पाहिलं. आमच्या परीक्षेत उलट बाजूला दहा गुण असतात; मला आजवर चाराच्या वर मिळाले नाहीत, कारण आतली बाजू कोण बघतंय या तत्त्वावर माझा फार विश्वास. त्या लुगड्याची उलट बाजू सुलट बाजूसारखीच होती. कुठली कुठली हे दोनदा बघावं लागलं.

प्रयोग छान झाला. पोरगी हसली नाही. बक्षीस समारंभात माझं नाव पुकारलं: वेशभूषा, प्रथम. परीक्षकांपैकी एक बाई माइकवर म्हणाल्या, "विशेष उल्लेख करायचा तो त्या दंडाचा आणि गुडघ्यावरच्या ठिगळाचा. किती अभ्यास, किती बारकावा!" टाळ्या पडल्या. मी व्यासपीठावर गेले, वाकून नमस्कार केला, प्रमाणपत्र घेतलं, फोटोला हसले. त्या लुगड्यावर माझ्या हातचा टाका एकच होता, घाईत उतरवता यावं म्हणून पदराखाली लावलेला हूक. तो प्रयोगात निसटला.

त्या रात्री मला झोप आली नाही. म्हणजे बक्षिसाच्या आनंदानं येत नसेल असं आधी वाटलं. बारा वाजता कळलं की आनंदाचं हे लक्षण नव्हे.

ह्यांना उठवलं. हे म्हणाले, "वस्तू दिली, वस्तू घेतली. व्यवहार पूर्ण. पावती आहे?" म्हटलं, "बोहारणीची पावती?" "मग लेखापरीक्षणात अडकशील," असं म्हणून ते कुशीवर वळले.

दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, निवड हीच कला. वेशभूषाकार म्हणजे शिंपी नव्हे. भानू अथैयांनी काय प्रत्येक पंचा स्वतः विणला असेल? शंभर लुगड्यांतून हेच उचलायचं, हे तुम्हाला कळलं. बक्षीस त्या कळण्याला आहे." हे मला पटलं. खरंच पटलं. घरी जाईपर्यंत, म्हणजे तरोडा नाक्यापर्यंत, पटलेलं होतं. मग आठवलं की परीक्षकबाईंनी "किती छान निवडलं" असं म्हटलं नव्हतं. "किती बारकावा" म्हटलं होतं, आणि मी तेव्हा माइक मागितला नव्हता. फसवणूक माझ्या कपड्यानं केली नव्हती. कपडा तर सगळ्या नाटकात तेवढाच खरा होता. फसवणूक मी केली, तीही तोंड न उघडता.

चाचांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मशीनचा पट्टा चढवत चढवत. मग म्हणाले, "मैं तीस साल से दूसरे की दुकान के लेबल पे सीता हूँ. लोगाँ पहन के बोलते, क्या दुकान है! मैं कबी कुछ नै बोला." मला जरा बरं वाटलं. इतक्यात त्यांनी पट्टा बसवला आणि पुढे म्हणाले, "मगर वो मेरे कू मजूरी देते."

हे खरं होतं. डबा बोहारणीला गेला. बोहारणीनं त्या बाईला काय दिलं असेल? एक वाटी. फार तर एक चाळणी.

सासूबाई प्रयोगाला पहिल्या रांगेत होत्या. त्या त्या दिवसापासून या विषयावर काही बोलल्या नव्हत्या, आणि सासूबाई गप्प असणं म्हणजे आमच्याकडे हवामान खात्यानं इशारा देण्यासारखं असतं. शेवटी वाती वळताना मीच विचारलं, "आई, माझं चुकलं का हो?"

त्यांनी हातातली वात पुरी केली. "तिनं ते दिसावं म्हणून शिवलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "दिसू नाही म्हणून शिवलं होतं. काठातलं सूत काढून शिवली बाई, कुणाला कळू नाही म्हणून. आन् तू उजेड टाकून गावाला दाखवलंस."

मी काय बोलणार? प्रकाशयोजनेतल्या पोराला 'ठिगळावर स्पॉट ठेव' असं मीच सांगितलं होतं.

मग मी शोध घेतला. भांडेवाली आली तेव्हा विचारलं, ते लुगडं कुठल्या गल्लीतलं, कोणत्या घरचं. ती हसली. "बाई, माझ्याकडं रोज इतकी लुगडी येतेत. पाटीवर नाव लिहून ठिवू का?" पुढे तिनं मला झाकणाचा दुसरा डबा आहे का विचारलं.

पुन्हा प्रयोग होता तेव्हा मी सरांच्या मागे लागून पत्रिकेत एक ओळ टाकायला लावली. वेशभूषेच्या खाली: 'दंड व ठिगळ: अनामिक'. छापखान्यात कुणीतरी शुद्धलेखन सुधारलं आणि पत्रिका आली ती 'दंड व ठिगळ: अनामिका' अशी. प्रयोगानंतर दोन-तीन जणांनी अनामिकाचं अभिनंदन करायचं म्हणून तिला शोधलं. एका मुलानं ती कुठल्या वर्षाला आहे असं विचारलं, आणि नंबर आहे का असंही विचारलं. सरांनी सांगितलं, "मॅडम, आता हे थांबवू या." थांबवलं.

लुगडं माझ्याकडेच आहे. धुऊन, घडी घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात. परत करता येत नाही. वाकळीत घालायला हात धजत नाही. नाटकाच्या पेटीत ठेवलं तर पुढच्या वर्षीची पोरं त्याला कात्री लावतील. प्रमाणपत्र ह्यांनी फ्रेम करून आणलं होतं. ते मी दिवाणखान्यातून काढून मशीनच्या खोलीत लावलंय, मशीनकडे तोंड करून, म्हणजे मला पाठीमागून दिसत नाही.

यंदाच्या पाडव्याला डायरी काढली. अकरा संकल्प होते त्यांतले पावणेदोन झाले, उरलेले सव्वानऊ पुढे ओढायचे की सोडायचे? हे म्हणाले, मागील बाकी पुढे ओढायची पद्धत आहे. पण मी सगळ्यांवर रेघ मारली. अंगरख्यावर, बाराबंदीवर, पँटच्या चेनवर, सगळ्यांवर. नेहरू शर्टाच्या दुसऱ्या बाहीचा जरा मोह झाला, तोही आवरला. आणि खाली एकच ओळ लिहिली: दंड घालायला शिकणे, हातानं.

एका कामाला सबंध वर्ष कशाला, असं वर्गातल्या पोरांनी विचारलं. त्यांना करून बघा म्हटलं. ह्यांची जुनी दोन धोतरं घेऊन बसले. गणपतीपर्यंत पांढऱ्यावर पांढरं, मग रंगीत, मग चौकडी, असा बेत. पहिला जोड घातला तो जाड दोरीसारखा उभा राहिला. दुसरा सपाट झाला पण कापड चुणलं. तिसऱ्याच्या वेळी सुईत ओवायला काठातलं सूत काढायला गेले तर सबंध काठच हातात आला. हे तेवढ्यात म्हणाले, "ते धोतर मी नेसतो अजून."

सासूबाईंना आता नीट दिसत नाही. मोतीबिंदूचं एक डोळ्याचं झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. त्यामुळे त्या परीक्षा बोटानं घेतात. मी रोज दुपारी चहाच्या वेळी धोतराचा तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवते. त्या एका हातानं कप धरतात, दुसऱ्या हाताचं बोट जोडावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेतात, मग उलट करून पुन्हा नेतात. काल अकरावा होता. मला स्वतःला तो बरा वाटला होता. बोट मध्यापर्यंत गेलं, थांबलं, जरा मागं आलं.

"इथं टोचायलंय," त्या म्हणाल्या. "उसव."